मँगनीजचा धूर आणि सबनीसकाकांची गोळी

“हा पार्किन्सन्स नाही,” डॉक्टर म्हणाले.

भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर माझ्या मेंदूचे फोटो लावले होते. एमआरआय म्हणजे चुंबकाच्या मोठ्या नळीत झोपवून काढलेले आतले फोटो. डॉक्टर सुदानचे होते, उंच, हळू बोलणारे. त्यांनी पेनाच्या टोकाने फोटोच्या मधोमध दाखवलं. डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन पांढरे डाग होते, एकाच मापाचे.

“ही जागा इतकी पांढरी दिसायला नको,” ते म्हणाले. “तुम्ही वेल्डिंग करता हे कागदावर आहे. पण नक्की कशावर करता?”

“क्रशरच्या जबड्यांवर. मँगनीज स्टील.”

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि माझी बायको शैला हिच्याकडे पाहून म्हणाले, “मँगनीज. मेंदूत मँगनीज साठलंय.”

अशा वेळी माणसाला काय वाटतं, ते मी इतरांच्या अनुभवांत वाचलं होतं. पायाखालची जमीन सरकते, मुलांचे चेहरे समोर येतात. माझ्या समोर चेहरा आला तो सबनीसकाकांचा. सत्तरीकडे झुकलेले, गुळगुळीत दाढी केलेले, गोळी घेतली की उठून चालायला लागणारे सबनीसकाका. त्यांचाच रोग मला झालाय, या आशेवर मी वर्ष काढलं होतं. आता कळलं की तो रोगसुद्धा माझ्या वाट्याला आला नव्हता. आजारातही चांगला वाटा त्यांनाच मिळाला होता.

हे मी बोलतोय आणि शैला लिहून घेतेय. माझं अक्षर आता मुंगीएवढं होतं आणि ओळ संपेपर्यंत दिसेनासं होतं. ती म्हणाली, “हे असंच लिहू?” मी म्हटलं, असंच लिही. गोड करून सांगितलं तर कुणाच्या कामाचं नाही.

मी प्रकाश आहेर, मूळचा नाशिक जिल्ह्यातला. आयटीआय केलं, सातपूरच्या कारखान्यांत काही वर्षं हात बसवला आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी कतारला आलो. दोहाच्या बाहेर एका वर्कशॉपमध्ये खडी फोडायच्या यंत्रांची दुरुस्ती चालायची. तेव्हा शहरात जिकडेतिकडे बांधकाम, त्यामुळे खडीचा तोटा पडू द्यायचा नाही. दगड चावून चावून यंत्राचे जबडे झिजायचे. त्यावर वेल्डिंगच्या खास रॉडने थरावर थर चढवून ते पुन्हा भरायचे. त्या जबड्यांत मँगनीज, रॉडमध्ये त्याहून जास्त मँगनीज. रॉड जळला की पिवळट करडा धूर उठायचा.

मी लवकरच फोरमन झालो. त्यामुळे फॅमिली व्हिसा मिळाला आणि शैला आणि आमची मुलगी ऋतुजा इकडे आल्या. ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत एका व्हिलाचा पहिल्या मजल्यावरचा भाग आम्ही घेतला. शैलाला तिथल्याच एका शाळेत बालवर्गावर नोकरी लागली.

वर्कशॉपची शेड लांबलचक होती. एका टोकाला मोठं दार, दुसऱ्या टोकाला एसी. उन्हाळ्यात दाराजवळ उभं राहिलं तर अंगावर भट्टी उघडल्यासारखं व्हायचं. छतात धूर बाहेर ओढणारा मोठा पंखा होता, पण तो धुराबरोबर गारवाही ओढून न्यायचा. म्हणून आम्हीच तो बंद ठेवायचो. तोंडाला सुती रुमाल बांधायचा की झालं. फोरमन म्हणून मी एसीखालची जागा घेतली होती. दाराजवळ दाऊदभाई असायचा. तो गुहागरकडचा, माझ्याच वयाचा, माझ्या आधीपासून तिथे काम करणारा.

सुरुवात कशी झाली ते सांगतो, कारण ती ओळखता आली असती.

वेल्डर काम झालं की दोन पावलं मागे सरून आपलं काम बघतो. सगळेच बघतात. एक दिवस मी तसा मागे सरलो आणि सरळ पाठीवर पडलो. तेल सांडलं असेल, असं सगळे म्हणाले. पुढच्या आठवड्यात परत पडलो. तेव्हा तेल नव्हतं.

मग शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. आवाज बसला. फोनवर नाशिकहून आई विचारायची, “सर्दी झाली का रे?” ऋतुजा तेव्हा चौथीत होती. घरात मराठी समजायची, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. ती एकदा शैलाला म्हणाली, “व्हाय इज बाबा ऑल्वेज अँग्री?” मी रागावलेला नव्हतो. टीव्हीवर काहीतरी गमतीचं चाललं होतं आणि माझ्या मते मी हसत होतो. आरशात पाहिलं तर चेहरा मातीच्या मुखवट्यासारखा.

आणि जिथे हसायचं नाही तिथे हसू फुटायला लागलं. शेजारच्या केरळी बाईंचे वडील गेले. आम्ही दोघं भेटायला गेलो. त्या रडत होत्या आणि मला हसू आलं. आवरेना. मी तोंडावर हात धरला, तरी खांदे हलत होते. शैला मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. जिन्यात तिने विचारलं, “तुम्हाला झालंय तरी काय?” आणि मग मला रडू आलं, तेही आवरेना.

एका खाजगी दवाखान्यात ताकदीची इंजेक्शनं झाली. दुसरीकडे ‘डिप्रेशन’, म्हणजे मनाची उदासी, म्हणून गोळ्या झाल्या. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात न्यूरॉलॉजीला पाठवलं. न्यूरॉलॉजी म्हणजे मेंदू आणि नसांचा विभाग. तिथल्या पहिल्या डॉक्टरांनी माझं मनगट वाकवून पाहिलं, चालून दाखवायला सांगितलं आणि म्हणाले, “पार्किन्सन्स दिसतोय. वय कमी आहे, पण होतं.”

त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूत डोपामाइन नावाचं एक द्रव्य असतं. एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे ते निरोप घेऊन जातं. हात उचल, पाऊल टाक, हस, हे सगळे हुकूम सुरळीत चालायला ते लागतं. पार्किन्सन्समध्ये डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. लेव्होडोपा नावाची गोळी घेतली की मेंदू तिच्यापासून डोपामाइन बनवून घेतो. “बहुतेकांना चांगला गुण येतो,” ते म्हणाले. त्या ‘बहुतेकांना’ या शब्दाला धरून मी घरी आलो.

सबनीसकाका त्याच विभागाच्या वेटिंग रूममध्ये भेटले. आम्हाला मराठी बोलताना ऐकून काकूंनी शैलाला हाक मारली. काका पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले. मुलगा इथे गॅसच्या कंपनीत इंजिनियर, अल रय्यानला व्हिला. म्हातारा-म्हातारी त्याच्याकडे राहायला आलेली. काका खुर्चीत आक्रसून बसले होते, हात थरथरत होता, हनुवटी छातीला टेकलेली. मला त्यांची दया आली. तेवढी एकदाच आली.

काकूंनी घड्याळ पाहून त्यांना गोळी दिली. शैला आणि त्या बोलत बसल्या. अर्धा तास झाला असेल-नसेल, काकांनी मान वर केली, हात थांबला. ते उठले, कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन चहा घेऊन आले आणि एक कप माझ्यासमोर धरला. “घ्या आहेर. साखर बेताची आहे.”

तीच गोळी, त्याच कंपनीची, माझ्या खिशात होती. मी आठवडाभर ती घेत होतो. मी कप त्यांच्याकडे परत सरकवला. मी म्हटलं, मला चहा नको.

महिना गेला. डोस वाढवला. मला मळमळ व्हायची, भूक गेली, वजन उतरलं. चाल तीच राहिली. उलट आता मी चवड्यांवर चालायला लागलो होतो, कोपरं दुमडून. ऋतुजाच्या मैत्रिणीने मला कोंबडा म्हटलं. पुढे डॉक्टरांकडून कळलं की या चालीला ते खरोखर ‘कॉक वॉक’ म्हणतात, कोंबड्याची चाल.

काका मात्र आमच्या घरी यायला लागले होते. मुलगा गाडीतून सोडायचा आणि काका आमचा जिना स्वतः चढून यायचे. माझ्यासाठी व्यायामाचे कागद आणायचे, काकू लाडू द्यायच्या. वाईट काहीच नव्हतं. म्हणूनच मला ते जास्त सोसवत नव्हतं. “काल ह्यांनी बागेत चार फेऱ्या मारल्या,” काकू सांगायच्या आणि मी चहाचा कप दोन्ही हातांत धरून भिंतीकडे बघत राहायचो.

“काकांसारखं वेळेवर घेत जा,” शैला म्हणायची. “जेवणानंतर नाही, आधी. काका आधी घेतात.”

“मी आधीच घेतो.”

“काका म्हणाले, मन लावून व्यायाम केला की—”

“काका, काका! त्यांच्याचकडे जाऊन राहा!”

आवाज बसलेला असल्यामुळे ओरडायचं ठरवलेलं वाक्य कुजबुजीसारखं बाहेर आलं. भांडायचीही सोय राहिली नव्हती.

मनात हिशोब चालायचा. त्यांचं वय काय, माझं काय. त्यांचा मुलगा कमावता, माझी पोर शाळेत. मी काम सोडलं तर व्हिसा जाईल, शैलाची नोकरी जाईल, ऋतुजाची शाळा सुटेल. ते चालले काय, न चालले काय, कुणाचं काय अडणार होतं? आणि चालत होते ते. मला वाटायचं, देवाघरी गोळ्या वाटताना कुणीतरी पत्त्यात गोंधळ केलाय.

मग तो शुक्रवार आला. काकांच्या मुलाने काही मराठी कुटुंबांना अल रय्यानला जेवायला बोलावलं होतं. मी ठरवलं की आज मी त्या घरात सरळ चालत जाणार, त्यांच्या डोळ्यांसमोर. निघण्याआधी बाथरूममध्ये जाऊन मी एका वेळच्या ऐवजी मूठभर गोळ्या घेतल्या. माझा सरळ विचार होता. त्यांना एका गोळीने चालता येतं, मला जास्त लागत असतील.

पान वाढलं होतं. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. मी बसलो आणि घाम सुटला. पोटातून उमासा आला. उठायला गेलो तर डोळ्यांपुढे काळोख. काकूंच्या पांढऱ्या गालिच्यावर ओकारी झाली आणि मी त्यातच कोसळलो.

मला उचलायला सगळ्यात आधी वाकले ते सबनीसकाका. त्यांचे दोन्ही हात माझ्या काखेत होते, घट्ट, जराही न थरथरणारे. अर्धवट शुद्धीतही मला ते कळलं आणि त्याही अवस्थेत त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं.

रक्तदाब फार खाली गेला होता. इमर्जन्सीत सलाइन लागलं, मग वॉर्डात ठेवलं. त्या मुक्कामात सुदानी डॉक्टरांकडे माझी केस गेली. त्यांनी पहिल्याच दिवशी मला कॉरिडॉरमध्ये उभं केलं आणि इंग्रजी-हिंदी मिसळून म्हणाले, “आगे नहीं. पीछे चलो.”

मी एक पाऊल मागे टाकलं आणि नर्सच्या हातात पडलो.

“एवढ्या गोळ्या घेतल्या, तेव्हा चाल थोडी तरी सुटली?” त्यांनी विचारलं.

“नाही. फक्त ओकलो.”

“हे फार महत्त्वाचं सांगितलंत,” ते म्हणाले. “असं पुन्हा करायचं नाही. पण महत्त्वाचं आहे.”

वेल्डर म्हणून रक्तातले धातू तपासायला दिले. नमुना बाहेरदेशी पाठवावा लागला, त्यामुळे उत्तराची वाट पाहण्यात बरेच दिवस गेले. मधल्या काळात एमआरआय झाला. मग तो दिवस, तो उजेडाचा चौकोन आणि ते दोन पांढरे डाग. पुढे रक्ताचं उत्तरही मँगनीजच आलं.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी मला समजलं तसं सांगतो. मेंदूच्या खोल भागात ग्लोबस पॅलिडस नावाची जागा असते. हालचालीचे हुकूम तिथून चाळून पुढे जातात. धुरातलं मँगनीज फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून नेमकं तिथे जाऊन बसतं. काकांच्या आजारात डोपामाइन बनवणाऱ्या पेशीच मरतात. बाहेरून माल दिला की काम चालतं. माझ्या आजारात त्या पेशी बऱ्याचशा जिवंत असतात. पण त्यांच्याकडून डोपामाइन नीट सुटत नाही आणि पुढे ज्यांनी निरोप घ्यायचा, त्या पेशींना मार बसलेला असतो. मग कितीही गोळ्या घ्या. या आजाराला मँगनिझम म्हणतात.

मी म्हटलं, “साहेब, मशीनला करंट आहे, पण अर्थिंगचा क्लॅम्प गंजलाय. मग आर्कची ठिणगी पडणार कशी?”

ते हसले. “जवळजवळ तसंच. पार्किन्सन्समध्ये मशीनच जळतं, तिथे बाहेरून जनरेटर जोडता येतो.”

म्हणजे मशीन सबनीसकाकांचं जळलं आणि चालत मात्र ते होते.

उपचार थोडाच होता. पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे धूर बंद. वेल्डिंग खलास. दुसरा कीलेशन. शिरेतून असं औषध देतात की ते धातूला पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, “रक्तातलं उतरेल. मेंदूचं जे बिघडलंय, ते किती सुधारेल याचं वचन देत नाही.” अंगातून विष चाललंय, या कल्पनेने मी सलाइनच्या थेंबांकडे बघत पडायचो.

दाऊदभाई हॉस्पिटलात यायचा तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचो. तो स्टूल ओढून बसायचा, गुडघ्यावर हाताने ताल धरायचा. त्या बोटांकडे मी पापण्यांच्या फटीतून बघायचो. तोच धूर, तेच रॉड, माझ्याहून जास्त वर्षं. आणि बोटं कशी नाचत होती!

डॉक्टरांना मी विचारलं, “मलाच का? त्याला का नाही?”

“प्रत्येकाचं शरीर वेगळं. कुणाच्या अंगात लोह कमी असतं, कुणाचं यकृत मंद असतं. कोण कुठे बसत होता, तेही बघावं लागेल. पण नक्की कारण मी सांगू शकत नाही. मित्रालाही तपासायला पाठवा.”

मी ते दाऊदभाईला सांगितलं, तसा गुडघ्यावरचा त्याचा ताल थांबला. मग म्हणाला, “तुला खरं सांगू? तू एसीखाली उभा ऱ्हायचास आणि मी दाराशी भाजून निघायचो. इतकी वर्षं तुझ्या जागेवर माझा डोळा होता. दोनदा मालकाकडे गेलो, म्हटलं, मला आत घ्या. मालक नाय म्हणाला.” त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “नाय म्हणाला म्हणून...”

दारातून वारा यायचा, धूर आत ढकलला जायचा आणि एसीखाली गोल गोल फिरत राहायचा. त्या गारव्यात मी खूश होतो.

दाऊदभाईच्या तपासण्या झाल्या. तो रिपोर्ट घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच मला कळलं. सगळं नॉर्मल. मी “अल्हमदुलिल्ला, चांगलं झालं” म्हटलं. तो गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. शैलाने विचारलं, पाय दुखतायत का. मी हो म्हटलं.

पण एक गोष्ट त्याने केली, ती इथे सांगायलाच हवी. कामावर परत गेला आणि छतातला पंखा चालू केल्याशिवाय रॉड हातात घ्यायचा नाही म्हणाला. पोरं कुरकुरली, उकडतंय म्हणाली. मालक आला. दाऊदभाई त्याला म्हणाला, “आहेर कसा चालतो ते बघून या, मग बोला.” मालक खरंच घरी आला. आमच्या खोलीत उभा राहून त्याने मला बाथरूमपर्यंत जाताना पाहिलं. पुढच्या महिन्यात प्रत्येक जागेशी धूर ओढणाऱ्या नळ्या बसल्या. मला त्याने स्टोअरला घेतलं, बसून करायच्या कामावर. व्हिसा राहिला.

तुमच्यापैकी कुणी वेल्डिंग करत असेल, किंवा घरातला कुणी करत असेल, तर एवढं लक्षात ठेवा. सुती रुमालाने हा धूर अडत नाही. त्यासाठी वेगळा मास्क मिळतो, तो मागा. उकाडा सोसा, पण धूर ओढणारा पंखा बंद करू नका. चेहरा थिजला, अक्षर लहान झालं, मागे सरताना तोल गेला, कारण नसताना हसू-रडू आलं, तर डॉक्टरला आधी आपलं काम सांगा. ‘वेल्डर’ एवढंच नको. कशावर, कुठल्या रॉडने, दार कुठे, पंखा कुठे, सगळं. माझं वर्ष न सांगण्यात गेलं, कारण कुणी विचारलं नाही आणि मला ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

बऱ्याच महिन्यांनी पुन्हा एमआरआय केला. पांढरे डाग जवळजवळ पुसले होते. शैलाला रडू फुटलं, तिने डॉक्टरांचे हातच धरले. त्यांनी शांतपणे सांगितलं की डाग जाणं म्हणजे साठलेलं मँगनीज कमी होणं. पेशींना झालेली इजा फोटोत दिसत नाही. “आनंद माना. पण चाल बदलेल असं समजू नका.” फोटो बरा झाला होता. मी तिथेच होतो.

फिजिओथेरपी मात्र सोडली नाही. तिथली फिलिपिनो बाई फार कडक होती. वळताना मोठा अर्धगोल घ्यायचा, मागे कधी सरायचं नाही, पाऊल अडलं तर जमिनीवर एखादी रेघ बघायची आणि ती ओलांडायची. घरात ऋतुजा पहारेकरी झाली. मी कपाट उघडताना जरा मागे झुकलो की स्वयंपाकघरातून ओरडायची, “बाबा, नो रिव्हर्स!” बटणं लावायला वेळ लागायचा, पण लागायची. आवाज थोडा वर आला. वर्ष गेलं, दोन गेली. सुधारलो म्हणावं तर फार नाही. बिघडलो म्हणावं तर तेही नाही.

सबनीसकाकांकडे जाणं मी टाळत होतो. गालिच्याची लाज हे शैलाला सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे त्यांचं चालणं मला बघवत नव्हतं. मग एक दिवस काकूंचा फोन आला. “आम्ही पुण्याला परत चाललोय. ह्यांनी प्रकाशला भेटायचंय म्हटलं. जमेल का?”

अल रय्यानला गेलो तर काका सोफ्यावर होते आणि मी त्यांना ओळखलं नाही. मान सारखी वळत होती, खांदा उडत होता, एक पाय आपोआप हलत होता. काकूंनी हळूच सांगितलं, हा आजार नाही, औषधाचा परिणाम. डिस्कायनेसिया म्हणतात, नको असलेल्या हालचाली. गोळीचा अंमल असला की शरीर असं नाचतं. अंमल उतरला की दगड होतं. आणि आता अंमल तासा-दोन तासांत उतरतो. पूर्वी अर्धा दिवस पुरायचा.

मी समोर बसलो.

“तू कसा आहेस?” त्यांनी विचारलं.

“आहे तसाच, काका.”

“तसाच,” ते म्हणाले. मान एका बाजूला गेली, तिला त्यांनी हाताने सरळ केलं. “मला आठवतंय, तू पहिल्यांदा आलास तेव्हा असाच होतास. आजही असाच आहेस. मी दर महिन्याला एक पायरी खाली उतरतो. प्रकाश, वाईट वाटून घेऊ नकोस, पण मला तुझा हेवा वाटतो रे.”

काकू म्हणाल्या, “अहो, असं काय बोलता?”

“खरं तेच बोलतोय. त्याचं विष बाहेर होतं, ते बंद करता आलं. माझं कुठून बंद करू?”

माझा हेवा. इतक्या वर्षांत कुणी माझ्याकडे बघून असं काही म्हटलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. उपाशी माणसाच्या पोटात काहीतरी गरम जावं तसं. आणि मग त्यांचा उडणारा खांदा दिसला. हा माणूस कॉरिडॉरमधून माझ्यासाठी चहा घेऊन आला होता आणि त्या चालत्या दिवसांतला एकही दिवस त्याला परत मिळणार नव्हता. मी ज्याच्यासाठी जळत होतो, ते त्याला तात्पुरतं मिळालं होतं. मला ते कधी दिसलंच नाही.

“मलाही तुमचा वाटायचा, काका,” मी म्हटलं. “फार वाटायचा.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “माझा चहा घेतला नव्हतास.”

आम्ही बोलत बसलो. पुण्यातलं घर, तिथला जिना, कोण करणार, काय करणार. बोलता बोलता त्यांच्या हालचाली मंदावल्या आणि थांबल्या. निघायची वेळ झाली तेव्हा ते म्हणाले, तुला गाडीपर्यंत सोडायला येतो. काकूंनी नको म्हटलं, पण ते उठलेच. मुलगा एका बाजूने, काकू दुसऱ्या बाजूने. दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटले. गुडघे थरथरत होते, पाऊल उचलत नव्हतं. मुलगा म्हणाला, “बाबा, यल्ला, चला, टाका पाऊल.” पण हे ‘टाका’ म्हणून होत नाही, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं.

मी चौकट एका हाताने घट्ट धरली आणि माझा उजवा पाय त्यांच्या पावलांसमोर आडवा ठेवला.

“ओलांडा,” मी म्हटलं.

त्यांनी खाली पाहिलं. “अरे, तुझा पाय कसा ओलांडू?”

“ओलांडा काका. काही होत नाही.”

ते क्षणभर माझ्या पायाकडे बघत राहिले. मग त्यांचा डावा पाय उचलला गेला, माझ्या पावलावरून पलीकडे गेला, मागोमाग उजवा. आणि ते बाहेर, उन्हात, पायरीवर उभे होते.